दुसरी संचालक

माझ्या फजितीच्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. नातवंडांना तर जेवताना त्याच लागतात: आजी म्हशीवरून कशी पडली, आजीनं मुंडावळ्या समजून काय बांधलं. सांगताना मीच सगळ्यात जास्त हसते. पण एक गोष्ट मी त्यात कधी घातली नाही. नातवंडांना नाही, लेकीला नाही, ह्यांना तर नाहीच नाही. देवापुढे बसते तेव्हाही तेवढी बाजूला सारून बसते. जसं काही त्याला दिसत नाही! आज तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच जमेल कदाचित.

पण एकदम नाही येत हो ती तोंडातून. आधी जरा मला माझ्यावर हसू द्या.

मी तेव्हा तरुण होते. तरुण म्हणजे किती? चोपन्न-पंचावन्न. आता गुडघ्यांनी संप केल्यावर ते वय तरुणच वाटतं. आम्ही जालना जिल्ह्यात, मंठ्यात राहतो. ह्यांचं बियाण्या-खतांचं दुकान. मी घरामागच्या गाळ्यात येसर करून विकायची. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत जी झणझणीत आमटी वाढतात ना, तिच्यात घालतात ते भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, तेच येसर. विकायची मी, पण भाजायची सुमन.

सुमन माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा ट्रकवर, महिना-महिना बाहेर. गावाकडची शेती ती एकटी बघायची, बचत गटाची पेटी सांभाळायची आणि हंगाम नसला की जीपमध्ये बसून माझ्याकडं यायची. डाळ कधी उतरवायची ते तिला वासावरून कळायचं. मला कळायचं नाही. मला बोलता यायचं, म्हणून लोकांना वाटायचं, येसर माझंच.

मग एका लग्नात, जालन्याला, लेकीच्या सासूबाई हातात जिलेबीची ताटली घेऊन कुणाला तरी म्हणाल्या, "आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे." झालं! त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. पण ते दोन शब्द त्यांनी असे काही उच्चारले, की माझ्या गळ्यातली मोहनमाळ मला पितळेची वाटायला लागली. त्याच आठवड्यात मी जालन्यातल्या एका सीएच्या समोर जाऊन बसले.

बिचारा चांगला पोरगा. म्हणाला, "काकू, तुमचं काम लहान आहे. एकटीच्या नावावर धंदा करा. जीएसटी नंबर घ्या, खाद्यपदार्थांचं लायसन घ्या, झालं. कंपनी काढली की दरवर्षी ऑडिट, दरवर्षी रिटर्न. एक रुपयाची विक्री न्हाई झाली तरी."

"होऊ दे," मी म्हणाले.

"काकू, कायद्याच्या नजरेत कंपनी म्हंजे एक वेगळा माणूस असतो. जन्माला घालणं सोपंय. संपवणं अवघड."

हे मी ऐकलं का? कुठलं! ही भवानी तेव्हा मनात पाटीचा रंग ठरवत होती. निळ्यावर पिवळी अक्षरं. कंपनीचं नाव काय ठेवलं ते विचारू नका. माझंच ठेवलं.

अडचण एकच निघाली: संचालक दोन लागतात. एका माणसाचीही कंपनी निघते म्हणे, पण मग नावापुढं तसं लिहावं लागतं. मग विहीणबाई वाचणार नाहीत का ते? ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, "मला त्यात पाडू नको. माझं दुकान बराबर चाललंय." मग राहिलं कोण?

आता तुम्ही म्हणाल, सुमनला सरळ विचारायचं. तिनं नाही म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. हो म्हटलं असतं, तीच तर भीती होती. मग संचालक ती पण झाली असती, माझ्याइतकीच, चारचौघीत सांगण्याजोगी. धाकटी जाऊ, सातवी शिकलेली, आणि माझ्या बरोबरीची खुर्ची? मला कंपनीत दुसरा माणूस हवा होता — पण तो दिसायला नको होता.

तेव्हा मी तिला सांगितलं, मसाल्याचं लायसन काढायचंय, तुझे कागद लागतात. तिनं पिशवीतून आधार, पॅन, फोटो काढून दिले. कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीसाठी फोनसमोर बसवून नाव बोलायला लावलं, तर हिनं पदर नीट केला, केस मागं सारले आणि शाळेत हजेरी द्यावी तसं पूर्ण नाव सांगितलं. मग हळूच मला, "अक्का, टीव्हीत येते की काय मी?"

"येशील की," मी म्हणाले.

सीएनं तिला विचारलं होतं. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढं मी त्याच्यावर ढकलायला बघितलं, मनातल्या मनात. त्यानं विचारलं, "काकूंनी समजावून सांगितलंय ना तुम्हाला सगळं?" सुमननं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हो. अक्कानं सांगितलंय."

आमच्याकडं डिजिटल सही मालकाकडं राहतच नाही. ती पेनड्राइव्हसारखी वस्तू सीएच्या ड्रॉवरमध्ये, नावाची चिठ्ठी चिकटवून. माणूस शेतात, सही जालन्यात. माझ्या सहीशेजारी सुमनच्या नावाची सही पडून होती आणि सुमन तिकडं कपाशी वेचत होती. संचालक मंडळाच्या सभा व्हायच्या आमच्या. म्हणजे कागदावर व्हायच्या. प्रत्यक्षात काय, तर सुमन कढईसमोर आणि मी पाटावर बसून चहा पीत. एकदा मी तिला म्हणाले, "चला, मीटिंग झाली." ती म्हणाली, "कसली हो?" मी खूप हसले. कुणाला सांगता येत नव्हतं तरी खूप हसले.

कंपनी वर्ष-दीड वर्ष चालली असेल. मग गावाकडं सुमनची पेरणी आली, ती येईना, आणि मी स्वतः भाजायला बसले. त्या येसरानं दोन लग्नांच्या पंगती बिघडल्या. आचाऱ्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, पुरे. आम्ही दुकानदार माणसं. आमच्या घरात धंदा बंद करायचा म्हणजे काय करतात? उरला माल विकायचा, भाड्याची भांडी परत करायची, शटर ओढायचं, पाटी उतरवायची. मी ते सगळं केलं. वर नारळही फोडला. जीएसटीचा नंबर तेवढा सीएनं रद्द करून दिला, तेव्हा मला वाटलं, झालं, सगळंच रद्द.

सहा-आठ महिन्यांनी त्याचा फोन. "काकू, रिटर्नचं काय करायचं?"

"कसलं रिटर्न? कंपनी बंद आहे."

"बंद न्हाई काकू. चालूय."

"अरे, शटर बघ जा येऊन!"

"शटरचं काय घेऊन बसलात? सरकारदरबारी ती जिवंत हाय. रोजचा दंड चढून राह्यलाय."

मग त्यानं समजावलं. वर्षाचे हिशेब दाखल करायचेच, धंदा असो-नसो. सलग तीन वर्षं नाही केले, तर संचालक अपात्र. पाच वर्षं त्यांना दुसऱ्या कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही.

"म्हणजे मी?"

"तुम्ही दोघी."

"ती कशाला? तिनं काय केलं?"

तो म्हणाला, "कायद्याला थोरली-धाकटी कळत न्हाई, काकू."

मी म्हटलं, मग करून टाक बंद. तर बंद करायलाही आधी सगळे हिशेब भरायचे, दंड भरायचा. पैसे ह्यांच्याकडून घ्यायचे, म्हणजे कंपनी बंद झालीच नाही हे ह्यांना सांगायचं. आणि बंद करायच्या अर्जासोबत दोघी संचालकांची प्रतिज्ञापत्रं, नोटरीपुढं बसून. म्हणजे सुमनला सांगायचं. काय सांगायचं? ज्या कंपनीत तू आहेस हे तुला ठाऊक नाही, ती बंद करायला ये? ज्या दाराकडं बघावं त्या दारात सुमन उभी. मी दार उघडलंच नाही. सीएचं नाव फोनमध्ये बदलून 'गॅसवाला' केलं. वाजला की म्हणायची, सिलेंडर आहे अजून, नको उचलायला. बघा, अजूनही मला विनोद सुचतोच आहे.

आत्तापर्यंतचं तुम्ही माफ कराल. मूर्ख बाई म्हणाल, पोकळ दिमाखाची म्हणाल. मीही तेवढंच असतं तर कधीच सांगून टाकलं असतं, पंगतीत, हशा घेत. पण एवढंच नाही ना ते.

तीन वर्षं गेली, वर थोडी. गावाकडं बायकांनी शेतकरी कंपनी काढायची ठरवली. तूर-सोयाबीन एकत्र गोळा करायचं, साफ करायचं, चांगल्या भावानं विकायचं. मार्गदर्शन करायला एक साहेब यायचे. अध्यक्ष कोण, तर सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: सुमन. तिनं चिठ्ठी पाठवली नव्हती, कुणाला चहा पाजला नव्हता. बायकांनी आपणहून तिला पुढं केलं. गावात माझ्या नावावर थोडी जमीन आहे, म्हणून सभेला मीही गेल्ते. सुमननं नवीन लुगडं नेसलं नव्हतं, पण धुऊन इस्त्री केलेलं होतं. ते मी बघितलं.

साहेब उठले आणि जरा अवघडून म्हणाले, "सुमनताईंचं नाव बसत न्हाई. जालन्याहून कळलंय, त्या अगोदरच कुठल्यातरी कंपनीत संचालक हायेत. अन् अपात्र ठरल्यात. हिशेब न दिल्यामुळं."

समाजमंदिरातल्या सगळ्या माना सुमनकडं वळल्या. सुमन म्हणाली, "म्या? कंपनीत?"

आणि तिनं माझ्याकडं बघितलं. संशयानं नाही हो, तेच तर! अडलेल्या शब्दासाठी मोठ्या माणसाकडं बघावं तसं. अक्काला कंपनीचं कळतं, अक्का सांगेल.

मला वेळ होता. साठ-सत्तर बायका गप्प होत्या, माझं वाक्य ऐकायला सगळं तयार होतं. मी म्हणाले, "काय गं सुमे, ट्रकवाल्याला न सांगता कुठं कारखाना काढलास?"

हशा! असा हशा की पत्रे वाजले. मागून कुणीतरी ओरडलं, "अन् पैका कुठं पुरला मंग, सुमनबाई?" पुन्हा हशा. सुमनही हसली. सगळे हसताना एकटं न हसता कसं राहणार? हसली, आणि पदर सारखा करत खाली बसली. माझ्या बोलण्याचं मला आयुष्यभर कौतुक झालंय. त्या दिवशीसारखं टाळ्या-हशाचं कधी झालं नसेल.

साहेब म्हणाले, कंपनीचं नाव काढून सांगतो, चूक असेल तर दुरुस्त करू. त्या कंपनीला माझंच नाव होतं, आठवतंय ना? जीपची वाट बघत मी साहेबांना फोन लावला. म्हणाले, "सुमनचंच म्हणणं आहे साहेब, आता खोदू नका. घरातली भानगड आहे. तिला लाज वाटून राह्यली. दुसरं नाव टाका." थोरली जाऊ सांगते म्हटल्यावर त्यांनी कशाला शंका घ्यावी? "बरं केलं सांगितलंत," म्हणाले.

म्हणजे बघा. तिला न सांगता तिची सही वापरली होती, आता तिची लाजही वापरली.

आणि भीतीनं केलं असंही मी म्हणणार नाही. भीती होतीच. पण जीपमध्ये बसल्यावर खिडकीतून वारा लागला तेव्हा आत कुठंतरी, कसं सांगू... बरं वाटलं. ती अध्यक्ष झाली नाही म्हणून बरं वाटलं. हे मी आज पहिल्यांदा शब्दांत मांडते आहे. मांडल्यावर वाटलं होतं तितकं मोठं दिसत नाही. लहानच दिसतं. किडकं.

दुसऱ्या दिवशी सुमन आली. हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन आल्ती, नेहमीसारखी. भाजी निवडत निवडतच म्हणाली, "अक्का, तुमच्या मसाल्याच्या वक्ताला म्या कागद दिल्ते. त्यातलं तर न्हाई ना काही?"

तिनं माझ्यापुढं ताट वाढून ठेवलं होतं. नुसतं हो म्हणायचं.

"ते लायसनचं होतं गं," मी म्हणाले. "त्याचा अन् ह्याचा काय संबंध?"

"मंग बरं," ती म्हणाली. आणि खरंच तिच्या चेहऱ्यावर हलकं झाल्यासारखं दिसलं. "मला वाटलं, माझ्या नावामुळं तुमचं काही अडकायचं."

मी भाजीतल्या काड्या वेचत राहिले.

नंतर काय? नंतर जे व्हायचं तेच. अध्यक्ष दुसरी झाली. गावात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं ते 'अपात्र' भरून घेतलं. कुणी म्हणे कर्ज काढून बुडवलं, कुणी म्हणे भावासोबत काहीतरी केलं. नवरा ट्रकवरून आला की पहिलं तेच विचारायचा. थट्टेनं विचारायचा, पण दर खेपेला विचारायचा. बचत गटाची पेटी तिनं स्वतःच दुसरीकडं दिली. "बोलायला जागा कशाला ठेवायची?" म्हणाली. कुणी तिच्याकडून पेटी मागितली नव्हती. मागितली असती तर भांडली तरी असती.

आणि मी? मी सणावाराला तिला जास्तीचं करायला लागले. भारीतलं लुगडं, सुनेला पैंजण. ती म्हणायची, "अक्का, एवढं कशाला?" मी काहीतरी टोमणा मारायची, ती हसायची. मी तिच्याशी अधिक गोड वागत गेले तसतसं सांगणं अवघड होत गेलं. एवढी वर्षं इतकं चांगलं वागणारी बाई एकदम कुठल्या तोंडानं सांगणार?

मधल्या काळात सरकारनंच त्या मेलेल्या कंपनीचं नाव यादीतून काढून टाकलं. अपात्रतेची पाच वर्षंही सरली. यंदा गावच्या कंपनीतली जुनी अध्यक्ष लेकीकडं पुण्याला गेली, आणि चार-पाच बायका माझ्या दारात. म्हणे, तुम्हीच व्हा.

"मी? माझे गुडघे बघा."

"सुमनबाई म्हणल्या, अक्काला घ्या. त्यांनी कंपनी चालवलीय, त्यांना त्यातलं समदं कळतं."

सीएला फोन लावला. त्याचं नाव आता सीए म्हणूनच आहे. त्यानं बघून सांगितलं, "काकू, आता तुम्हाला अडचण न्हाई. तुमचा संचालकाचा नंबर चालू करून देतो." थांबून म्हणाला, "तुमच्या जाऊबाईंनापण न्हाई."

तुमच्या जाऊबाईंनापण न्हाई. एवढं वाक्य गावात नेऊन टाकायचं होतं. खुर्चीत तिला बसवायचं होतं. कारण सांगायचीही गरज नव्हती, नुसतं म्हणायचं, सुमनचं नाव आता बसतं. मी "बरं" म्हणाले आणि माझे कागद पाठवून दिले.

परवा वार्षिक सभा झाली. तेच समाजमंदिर, वर पंखे नवे. मी समोर खुर्चीवर, हातात माईक. सुमन मागं भिंतीला टेकून, शेजारी तिची सून. ऑडिट मांडून झालं, रिटर्न वेळेत भरल्याचं मी स्वतः वाचून दाखवलं. ह्या बाबतीत मी आता फार कडक आहे. तेवढ्यात एक नवी नवरी, नुकतीच सभासद झालेली, उभी राहिली. म्हणाली, "तुरीची साफसफाई, वजन, समदं सुमनकाकूच बघतेत. मंग त्यांना संचालकांत का न्हाई घेतलं कधी?"

तिच्या शेजारणीनं तिला खाली ओढलं. माईक चालू होता, मागंही ऐकू गेलं: "बस गं. त्यांचं काहीतरी लफडं हाय जुनं."

सुमननं मान खाली घातली नाही. ती सरळ समोर बघत होती, माझ्याकडं. तिची सून मात्र खाली बघायला लागली.

सगळ्याजणी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी माईक तोंडाजवळ घेतला.

"पुढचा विषय घ्या," मी म्हणाले.

आणि पुढचा विषय घेतला गेला.